काय समजलं, ते सांगा

रशीदचाचांचं नाव आधी लिहितो. नंतर लिहू म्हटलं की राहून जातं.

रशीदचाचा जळगावात तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दाखल्यांसाठीचे कागद टाइप करून द्यायचे. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा बारावी झालो होतो. कॉलेजचा प्रवेश अडला होता, कारण माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘प्रल्हाद’ होतं आणि रेशनकार्डावर ‘परल्हाद’. प्रवेशाचा दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस होता. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. वडील असोद्याला केळीच्या बागांमध्ये घड कापायला आणि वाहायला जायचे. प्रवेश हुकला असता तर मीही त्यांच्याबरोबर गेलो असतो, त्यात शंका नव्हती.

चाचांनी कागद टाइप केला आणि वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. मी घाईत होतो. वडिलांना म्हणालो, “समजलं का? करा सही.”

वडील म्हणाले, “हो.”

चाचांनी कागद मागे ओढला. “बेटा, ‘समजलं का’ असं विचारायचं नाही. माणूस शरमेनं हो म्हणतो.” मग वडिलांकडे वळून म्हणाले, “भाऊ, काय समजलं, ते सांगा.”

वडिलांनी कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, “आजपासून माह्यं नाव बदललं. पोराच्या कॉलेजसाठी.”

पेन त्यांच्या हातात होतं. माझ्यासाठी ते नाव बदलायला निघाले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. चाचांनी त्यांना सावकाश सांगितलं, “नाव तेच आहे भाऊ. लिहिणाऱ्या दोघांनी दोन तऱ्हांनी लिहिलं, एवढंच आपण सांगतोय.” मग सही झाली.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण असं की आज मी ज्या कामाचा पगार घेतो ते काम म्हणजे हेच आहे. आणि एकदा मी नेमकं हेच करायला विसरलो.

मी बिझनेस ॲनालिस्ट आहे. वडील अजून विचारतात, “म्हंजे तू करतो काय?” मी सांगतो, “लोकांचं ऐकतो आणि लिहितो.” कंपनीत एका बाजूला काम करणारी माणसं असतात. त्यांना काय हवं ते त्यांना माहीत असतं, पण संगणकाच्या भाषेत सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर बनवणारी माणसं असतात. ती सांगितलं तेवढंच बनवतात. मधला माणूस मी. काय हवं याचा जो लेखी कागद मी करतो त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. तो चुकला की पुढचं सगळं चुकतं.

आमची कंपनी ठिबक सिंचनाचे संच विकते. नाव सांगितलं तरी जळगावातही निम्म्या लोकांना कळणार नाही, इतकी लहान आहे. संच बिघडला की शेतकरी फोन करतो, तक्रारीला नंबर पडतो, त्याला तिकीट म्हणतात. तिकीट टेक्निशियनच्या मोबाइलवर जातं. तो शेतात जाऊन दुरुस्ती करतो आणि मोबाइलवर नोंद करतो. हे ॲप मीच उभं केलं होतं. जळगाव सेंटरची मुलं इंग्रजी स्क्रीन वापरायची. धुळ्याच्या टेक्निशियन लोकांनी मराठी स्क्रीन मागितली, तेव्हा तिच्यासाठी मी वरपर्यंत भांडलो होतो. शब्दही मीच दिले. त्याचा मला अभिमान होता.

मराठी स्क्रीन सुरू होऊन सहा महिने झाले होते. एका मंगळवारी आमच्या ऑपरेशन्स हेड वैद्य मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर एक चार्ट होता. जळगावचा खांब हिरवा, धुळ्याचा लाल.

“जळगावच्या तक्रारी मिटतात. धुळ्याच्या महिनोन्‌महिने उघड्या पडून राहतात,” मॅडम म्हणाल्या. “पुण्याचं कॉल सेंटर शेतकऱ्यांना फोन करून खात्री करतं, तेही तेच सांगतं. शुक्रवारी मालकांपुढे ठेवायचं आहे. धुळ्याचं सर्व्हिस सेंटर बंद करायचं, काम जळगावहून पाहायचं. रिपोर्ट तू लिही.”

“आणि तिथली माणसं?”

“सात टेक्निशियन आहेत. ज्यांना जळगावला यायचं ते येतील.”

आम्हा दोघांनाही माहीत होतं, कोणी येणार नव्हतं. त्या पगारात दोन ठिकाणी घर चालत नाही.

मी चार्ट माणसांप्रमाणे उघडला. सगळ्यात खाली गुलाब पावरा. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याची गावं त्याच्याकडे होती. सहा महिन्यांत त्याने मिटवलेल्या तक्रारी शून्य.

“मॅडम, हे शून्य मला पटत नाही.”

“का?”

“कितीही आळशी माणूस असला तरी चुकून एखादं काम पूर्ण करतो. शून्य यायला फार मेहनत लागते.”

मॅडम हसल्या नाहीत. “गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट माझ्या टेबलावर. तोवर तुला काय बघायचं ते बघ.”

बुधवारी सकाळच्या एसटीने धुळं गाठलं. सेंटरचे सुपरवायझर निंबानाना दारातच उभे होते. कंपनीत सगळ्यात जुना माणूस. खबर त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोहोचली होती.

“या भूषणभाऊ. आमनं तेरावं जेवाले उनात का?”

माझी असोद्याची बोली वेगळी, पण अहिराणी कानाला सवयीची आहे. आमच्या तेराव्याचं जेवायला आलात का, असं ते विचारत होते. हसावं की नाही ते कळेना. मी म्हणालो, “नाना, मला आज गुलाबबरोबर शेतात जाऊ द्या. बाकी काही नको.”

“जा. बघी ल्या. मानसं कामना शेतस. तुमना कागदच कामना नही.”

गुलाबच्या मोटरसायकलवर मागे बसून निघालो. तिशीचा, कमी बोलणारा माणूस. शिरपूर मागे टाकल्यावर त्याने एकदाच विचारलं, “सर, सेंटर बंद होणार ते खरं का?”

“अजून ठरलं नाही.”

“माझी आई आजारी असते. मी जळगावला नाही येऊ शकणार. आताच सांगून ठेवतो.”

ज्या आबांच्या शेतात गेलो तिथे नवी केळी लावलेली होती. संचाला पाणी येत होतं, पण निम्म्या रोपांपर्यंत पोहोचत नव्हतं. गुलाबने आधी फिल्टर खोलून धुतला. मग जमिनीवरून गेलेल्या बारीक नळ्यांची, म्हणजे लॅटरलची टोकं एकेक करून उघडली. आतून गढूळ पाणी आणि क्षाराचा चुरा बाहेर पडला. दोन नळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या त्याने जोडल्या. दीड तास गेला. शेवटी तो प्रत्येक ओळीतून चालत गेला. वाकून प्रत्येक ठिकाणी थेंब पडतो का ते पाहत होता. आबा बांधावर बसून मला म्हणाले, “हाऊ गडी देखा बिगर जात नही.”

मग गुलाबने हात पुसले, खिशातून मोबाइल काढला, तिकीट उघडलं आणि एक बटण दाबलं.

मी बाजूलाच उभा होतो. “गुलाब, काय दाबलंस?”

“चालू.”

“का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग केळीच्या ओळीकडे हात केला. “चालू झालं ना, सर. तुम्ही बघितलं की.”

स्क्रीनवर दोनच बटणं होती. ‘चालू’ आणि ‘बंद’. इंग्रजी स्क्रीनवर त्यांच्या जागी ‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ होतं. तक्रार ओपन म्हणजे चालू, तक्रार क्लोज्ड म्हणजे बंद. ऑफिसात बसून मी इतकं सोपं भाषांतर केलं होतं. तक्रार चालू, तक्रार बंद. शेतात उभ्या असलेल्या माणसाला चालू असतो तो संच, आणि बंद पडतो तोही संच, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी पुढचं विचारलं. “मग ‘बंद’ कधी दाबतोस?”

“संच बंदच राहिला, आपल्याच्यानं झाला नाही, तर. म्हणजे ते जळगावच्या इंजिनिअरकडे जातं ना?” तो थोडा लाजला. “मी अजून एकदाही दाबलं नाही.”

शून्याचा अर्थ तो होता. सहा महिन्यांत एकही संच गुलाबने बंद अवस्थेत सोडला नव्हता. आमच्या चार्टवर तो सगळ्यात वाईट माणूस होता.

“पण काम झाल्यावरही तिकीट यादीतून जात नाही, ते तुला खटकलं नाही?”

“वाटलं, तुम्ही रेकॉर्ड ठेवता.”

धुळ्याला परतेपर्यंत एकच प्रश्न डोक्यात होता. पुण्याचं कॉल सेंटर शेतकऱ्यांशी स्वतः बोलत होतं. त्यांना तरी खरं कसं कळलं नाही? मी पुण्याला फोन करून धुळ्याच्या काही कॉलची रेकॉर्डिंग मागवली. नानांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि आम्ही ऐकायला बसलो. शेतकरी अहिराणीत बोलत होते; ‘बठ्ठं’ म्हणजे सगळं.

पहिल्या कॉलमध्ये पुण्याची मुलगी अदबीने विचारत होती, “आपण ठिबकची तक्रार दिली होती. ती चालू आहे की बंद झाली?”

“चालू शे ना ताई! बठ्ठं चालू शे! त्या गुलाबले शाबासकी द्या.”

“ठीक आहे, ‘चालू’ अशी नोंद करते. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

नानांनी तोंडावर हात धरला. मी दुसरा कॉल लावला.

“बंद शे वं ताई! आठ दिन व्हयनात, बठ्ठं बंद पडेल शे!”

“छान. ‘बंद’ अशी नोंद केली आहे. आपला दिवस शुभ जावो.”

नाना इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग एकाएकी थांबले. त्या दुसऱ्या शेतकऱ्याकडे त्यानंतर कोणीही गेलेलं नव्हतं. तिकीट यादीतून नाहीसं झालं होतं. टेक्निशियनला वाटलं, वर गेलं. वरच्यांना वाटलं, मिटलं.

नाना म्हणाले, “हाई मराठी कोनी लिखी?”

“मी.”

“आन त्या पोरीना प्रश्न?”

“तोही मीच लिहून दिला होता. मराठी स्क्रीनबरोबर, फक्त धुळ्यासाठी.”

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. “मंग आते?”

“आता मला पुरावा लागेल, नाना. एका शेतावरून मालक ऐकणार नाहीत.”

मला ट्रेनिंगचा दिवस आठवत होता. सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी ते वापरणाऱ्यांच्या हातात देऊन तपासायचं असतं, त्याला युजर टेस्टिंग म्हणतात. याच खोलीत सात जण माझ्यासमोर बसले होते. मी दोन्ही बटणं दाखवली आणि विचारलं, “समजलं का?” सात आवाज आले, “हो सर.” मी सात सह्या घेतल्या. जेवणाच्या आधी मोकळा झालो. जी गोष्ट मी कचेरीबाहेरच्या झाडाखाली शिकलो होतो, ती मला एसीच्या खोलीत आठवली नाही.

बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी सकाळी आम्ही नऊ जण फोनला बसलो. सात टेक्निशियन, नाना आणि मी. धुळ्याच्या यादीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला फोन. चालू आणि बंद हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत, असं ठरवलं. एकच प्रश्न: “शेवटच्या रोपापर्यंत पाणी पडतंय का?” कोणी सवयीने ‘चालू शे का’ विचारलं, तर बाकीचे ओरडायचे, “ए, दंड! चहा तुझा!”

दुपारपर्यंत चित्र समोर आलं. ‘चालू’ म्हणून उघड्या दिसणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक सगळ्या ठिकाणी पाणी पडत होतं. ‘बंद’ म्हणून मिटलेल्या दिसणाऱ्या अकरा ठिकाणी एक थेंब नव्हता. मी ती अकरा नावं रिपोर्टसाठी उतरवून घेत होतो. नानांनी कागद माझ्या हातातून घेतला.

“रिपोर्ट नंतर. आधी जे बंद शे, ते चालू करा रे.”

पाच मोटरसायकली लगेच निघाल्या. मी जळगावची एसटी धरली.

वैद्य मॅडमनी पानं उलटली. दोनदा वाचली. गुलाबच्या पानावर थांबल्या.

“म्हणजे चार्ट उलटा आहे.”

“हो.”

“म्हणजे चूक धुळ्याची नाही, आपली आहे.”

“आपली नाही मॅडम. माझी.”

त्यांनी चष्मा काढला. “भूषण, तुझं प्रमोशन याच महिन्यात आहे. ‘भाषांतरातील त्रुटी’ एवढं लिही. भाषांतर कोणी केलं, हे विचारायला कोणाला वेळ नाही.”

घरी असोद्यात प्रमोशनची गोष्ट सगळ्यांना सांगून झाली होती.

“त्रुटी लिहिली तर लोक शब्द बदलतील आणि विसरतील. चूक शब्दाची नव्हती. विचारण्याची होती. ते लिहिलं नाही, तर पुढची स्क्रीनही अशीच बनेल. आणि सात माणसांची नावं सहा महिने लाल रंगात होती. एक माझंही असू द्या.”

मॅडमनी कपाट उघडलं. मग त्यांनी फाइलमधून जुना कागद काढला. मराठी स्क्रीनच्या मंजुरीचा. खाली माझी सही होती, आणि तिच्याखाली त्यांची.

“मीही वाचलं होतं. मलाही कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “दोन्ही नावं लिही.”

शुक्रवारी मालकांनी रिपोर्ट ऐकून घेतला. मग विचारलं, “जळगावच्या लोकांनी इंग्रजीत बरोबर दाबलं. म्हणजे मराठीनेच घोळ केला ना?”

“नाही. मराठीत ‘चालू’ बरोबरच आहे. काय चालू, हे मी विचारलं नाही.”

“आणि ती अकरा शेतं?”

“नऊ ठिकाणी आज सकाळपर्यंत पाणी आलं. दोन ठिकाणी पंप बदलावा लागेल.”

मालकांनी रिपोर्ट मिटला. “धुळं राहू द्या,” म्हणाले, आणि पुढचा विषय काढला. सात घरांचा प्रश्न तीन शब्दांत सुटला. नानांना फोन केला, तर त्यांनी एवढंच विचारलं, “मंग तेरावं कॅन्सल?”

नवी बटणं बनवायला मी धुळ्यालाच गेलो. या वेळी ‘काम झालं’ आणि ‘काम बाकी’ असे शब्द नेले होते. गुलाबला दाखवले आणि म्हणालो, “काय समजलं, ते सांग.”

तो विचार करून म्हणाला, “काम कुणाचं, सर? मी नळी बदलली, माझं काम झालं. पण लाइट नाही, पाणी आलं नाही, मग शेतकऱ्याचं कुठं झालं?”

माझी दुसरी चूक त्याने जागेवर पकडली. आता बटणांवर लिहिलं आहे: ‘पाणी पडतंय’ आणि ‘पाणी पडत नाही’. दोन्ही वाक्यं गुलाबची आहेत. रिक्वायरमेंटच्या कागदावर त्याचं नाव मी टाकलं आहे.

माझं प्रमोशन एक वर्ष पुढे गेलं. ते योग्यच होतं. या धंद्यातली मोठी पुस्तकं मी वाचली आहेत, परीक्षाही दिल्या आहेत. त्यात स्टेकहोल्डरची, म्हणजे ज्यांचा कामाशी संबंध येतो त्या माणसांची, व्याख्या पान-पानभर आहे. माझ्या अनुभवाने सांगतो, सात जण एका आवाजात ‘हो सर’ म्हणाले, तर कोणालाच काही समजलेलं नाही असं धरून चालावं.

रशीदचाचा आता चाळीसगावला मुलीकडे, सलमाताईंकडे, असतात. नजर गेली आहे. फोन त्यांना आवडत नाही. फोनवरचं बोलणं फाइलला लागत नाही, म्हणतात. म्हणून मी त्यांना पत्र पाठवलं. ते इथे देतो.

“आदरणीय रशीदचाचांना भूषणचा सलाम.

तुम्ही मला एक वाक्य फुकट दिलं होतं. मी त्याच्यावर नोकरी मिळवली आणि नोकरी मिळाल्यावर ते विसरलो. त्यामुळे धुळ्याच्या सात माणसांची कामं जाणार होती. ती वाचली. कशी, ते सोबतच्या कागदावर सविस्तर लिहिलं आहे.

वडिलांना मी सगळं सांगितलं. शेवटी तुमच्यासारखं विचारलं, ‘बाबा, काय समजलं, ते सांगा.’ ते म्हणाले, ‘चूक तुह्यी होती, ते तू सांगितलं. म्हणून सात जणांचं चालू राह्यलं.’ चाचा, ‘चालू’ हा शब्द त्यांनी माझ्यापेक्षा बरोबर वापरला.

त्या दिवशी तुम्ही कागद मागे ओढला नसता, तर माझे वडील आयुष्यभर असंच समजले असते की पोरासाठी आपण आपलं नाव देऊन टाकलं. त्यांनी ते कधी बोलूनही दाखवलं नसतं. हे मला आता, इतक्या वर्षांनी नीट कळतं आहे. तेव्हा आभार मानायचे राहिले होते. ते आता मानतो.

हे पत्र तुम्हाला सलमाताई वाचून दाखवतील. मिळाल्याचं त्यांच्याकडून दोन ओळी लिहवून कळवा. नुसतं ‘मिळालं’ नको. काय समजलं, ते सांगा.

तुमचा,
भूषण प्रल्हाद (आणि परल्हाद)”